ऋषीचे कूळ आणि ऋषीचे आचरण

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. एखाद्या महाराजांच्या, बापूंच्या वा स्वामींच्या वागण्याविषयी कोणी शंका काढली की श्रद्धावंत मंडळी ही म्हण ढालीसारखी पुढे करतात आणि शंका काढणारा ओशाळून गप्प बसतो. वस्तुतः म्हणीत निषेध आहे तो कुळाच्या चौकशीचा. आचरणाच्या चौकशीविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. व्यास मत्स्यगंधेच्या पोटी जन्मले म्हणून त्यांच्या विद्वत्तेला उणेपणा येत नाही, एवढेच तिला सांगायचे आहे. जन्मावरून माणसाचे मोल ठरवू नका असे बजावणारी ही उदार म्हण आज नेमक्या उलट कामाला जुंपली गेली आहे. ऋषीचे कूळ सर्वांना पाठ असते, त्याची जयंती थाटाने साजरी होते. विचारायचे नसते ते त्याचे वागणे.

गुरूची परीक्षा करणे म्हणजे पाखंड, ही समजूत आपल्या परंपरेने दिलेली नाही. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणासाठी एक स्वतंत्र समास खर्ची घातला आणि त्याच्या शेजारीच शिष्यलक्षणाचा समास ठेवला. लक्षणे सांगायची ती ओळखण्यासाठी; ओळखायचेच नसेल तर लक्षणांचा खटाटोप कशाला? तुकोबांनी आणि एकनाथांनी दांभिक साधूंवर जे कोरडे ओढले, तसे ओढण्याचे धाडस आजच्या एखाद्या सुधारकालाही होणार नाही. प्रश्न परीक्षा करावी की न करावी हा नाहीच. ती कोणत्या मापाने करावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याबाबतीत मात्र भाविक आणि टीकाकार दोघेही गफलत करतात.

भाविकांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की उपदेश पाहावा, उपदेशक पाहू नये. हा युक्तिवाद काही क्षेत्रांत पूर्णपणे बरोबर आहे. न्यूटन स्वभावाने कसा होता यावर गुरुत्वाकर्षणाचा नियम अवलंबून नाही. धूम्रपान करणारा डॉक्टर धूम्रपान सोडा म्हणतो तेव्हा तो विसंगत असतो, पण चुकीचा नसतो. कारण त्याच्या म्हणण्याचा पुरावा त्याच्या छातीत नसून हजारो रुग्णांच्या नोंदींत असतो. अध्यात्माच्या गुरूची गोष्ट निराळी आहे. आपण सांगतो त्या वाटेने गेल्यास मन निर्भय, निर्लोभ, जागृत होते, असे त्याचे सांगणे असते. आणि ते खरे कशावरून, असे विचारले तर दाखवायला त्याच्याजवळ एकच नमुना असतो, तो म्हणजे तो स्वतः. ज्याने स्वतःलाच पुरावा म्हणून सादर केले, त्याने पुराव्याच्या तपासणीला हरकत घेऊ नये.

टीकाकारांची चूक याहून वेगळी. ते गुरूला त्याच्या मापाने न मोजता स्वतःच्या मापाने मोजतात. गुरूच्या दारात मोटार दिसली की दांभिकपणा सिद्ध झाला, असे त्यांना वाटते. परंतु दंभ म्हणजे सांगणे आणि वागणे यांतील अंतर. ज्याने मोटार त्याज्य म्हटलेलीच नाही, त्याची मोटार मोजून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय अशा मोजदादीत एक छुपा आनंद असतो: गुरू आपल्यासारखाच निघाला, तेव्हा त्याने सांगितलेल्या अवघड गोष्टी आता आपल्यावर बंधनकारक नाहीत! पुष्कळशी चिकित्सा या सुटकेसाठीच होत असते.

तेव्हा पहिले माप गुरूच्या उपदेशातूनच घ्यावे लागते. पण तेवढ्याने भागत नाही; कारण उपदेश सोयीस्कर ठेवला की कोणतेही वर्तन त्यात बसविता येते. म्हणून दुसरे एक माप हवे, आणि ते अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकविले जाणारे आहे: फुकट काहीच नसते, तेव्हा किंमत कोणी मोजली? उपदेशकाने ती स्वतःच्या गाठीची मोजली, की त्याच्यापायी दुसऱ्याला मोजावी लागली? तुकोबांविषयी परंपरा सांगते की वडिलोपार्जित सावकारीचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडविण्यापूर्वी त्यांनी ते भाऊ कान्होबा यांच्याशी वाटून घेतले आणि बुडविले ते स्वतःच्या वाट्याचेच. भक्तांना या कथेत वैराग्य दिसते. त्याहून मोठी गोष्ट तीत आहे. आपल्या वैराग्याचा भुर्दंड भावाच्या संसारावर पडू नये, हा हिशेब वैराग्याच्या ऐन क्षणीही त्यांना सुटला नाही.

हे माप घेऊन पुण्याच्या कोरेगाव पार्कात जावे. आचार्य रजनीश १९७४ मध्ये तेथे स्थायिक झाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेस गेले. ऑरेगन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांचे एक गुरांचे रान त्यांच्या शिष्यांनी विकत घेतले, त्यावर रजनीशपुरम नावाचे नगर उभारले आणि गुरूला रोल्स रॉइस मोटारी अर्पण केल्या. त्या ९३ झाल्या. जगातील वृत्तपत्रांनी या ९३ गाड्या इतक्या वेळा मोजल्या की रजनीश म्हटले की आजही सामान्य वाचकाला त्याच आठवतात. वास्तविक हा त्यांच्यावरील सर्वांत दुबळा आरोप होय. रजनीशांनी दारिद्र्याचा महिमा कधी गायिला नाही. उलट त्याची टर उडविली. भोग आणि ध्यान एकाच माणसात नांदू शकतात, असे ते उघड सांगत. गाड्यांच्या बाबतीत त्यांचे सांगणे आणि वागणे तंतोतंत जुळणारे होते!

त्यांची खरी परीक्षा अन्यत्र होती. संघटित धर्म माणसाला गुलाम करतो, श्रद्धा नको, जागृती हवी, हा त्यांच्या प्रवचनांचा गाभा. आता रजनीशपुरमचा जमाखर्च पाहावा. तेथे त्यांच्याच नावाचा धर्म जाहीर झाला, त्याचे पुस्तक छापले गेले, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये त्याच पुस्तकाच्या प्रतींची होळीही झाली. आश्रमातील संभाषणे चोरून ऐकण्यासाठी यंत्रे बसविली होती. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये द डॅलेस या जवळच्या गावातील उपाहारगृहांत मांडलेल्या कच्च्या भाज्यांमध्ये आश्रमातील मंडळींनी रोगजंतू मिसळले. हेतू असा, की नोव्हेंबरातील परगण्याच्या निवडणुकीत स्थानिक मतदार आजारी पडावेत आणि आपले उमेदवार निवडून यावेत. ७५१ माणसे आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याच निवडणुकीसाठी निरनिराळ्या शहरांतील हजारो बेघर माणसे आश्रमात आणण्यात आली. मतदारनोंदणीचा बेत फसल्यावर त्यांतील पुष्कळांना आसपासच्या गावांत सोडून देण्यात आले.

हे सारे उघड झाले तेव्हा रजनीशांनी सांगितले की या गुन्ह्यांची आपणास कल्पना नव्हती. ते आपली सचिव शीला आणि तिच्या साथीदारांनी केले. त्या काळात बराच वेळ त्यांचे सार्वजनिक मौन होते, हेही खरे. विषप्रयोगाबद्दल त्यांच्यावर खटला झाला नाही. स्थलांतराच्या कायद्यातील दोन गुन्ह्यांपुरती तडजोड होऊन ४ लाख डॉलर भरून ते अमेरिकेबाहेर पडले. शीलाने गुन्हे कबूल केले आणि सुमारे अडीच वर्षे तुरुंगात काढली. गुरूला काय ठाऊक होते याचा निर्णय न्यायालयाने दिलेला नाही, आणि वर्तमानपत्राच्या पानावर तो देण्याचे कारणही नाही. परंतु त्यांचे म्हणणे जसेच्या तसे खरे मानले तर काय उरते? ज्याने आयुष्यभर जागृतीखेरीज दुसरे काही शिकविले नाही, त्याच्या उशाशी चार वर्षे हे घडत होते आणि त्याला जाग आली नाही! कायद्याच्या दरबारात अज्ञान हा बचाव होऊ शकेल. जागृतीच्या आचार्याला मात्र तो उपलब्ध नाही. आणि किंमत कोणी मोजली, हा दुसरा प्रश्न विचारला तर उत्तर याहून कठोर येते. किंमत मोजली ती अशा गावकऱ्यांनी, ज्यांनी त्यांचे एक प्रवचनही ऐकले नव्हते. रस्त्यावरून उचलून पुन्हा रस्त्यावर सोडलेल्या बेघरांनी. आणि घरदार विकून आलेल्या शिष्यांनी.

या शिष्यांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण त्यांना भोळसट म्हणून निकालात काढण्याची घाई सगळेच करतात. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, उत्तम शिकलेली तरुण माणसे होती. बुद्धी कमी असल्यामुळे ते अडकले नाहीत. एखाद्या कामात दहा वर्षे आणि सर्व पुंजी घालून बसलेल्या माणसाला ते काम फसवे होते हे मान्य करणे जितके जड जाते, तितके तिऱ्हाइताला कधीच जात नाही. बुडालेला पैसा परत येत नाही हे पुस्तकात ठीक आहे. माणूस मात्र बुडालेल्या पैशाला वाचविण्यासाठी आणखी पैसा घालीत राहतो. बंद पडलेल्या गिरणीचे समभाग धरून बसणारा गुंतवणूकदार आणि गुरूच्या प्रत्येक कृत्याला नवे समर्थन शोधणारा शिष्य हे एकाच जातीचे. म्हणूनच परीक्षा ही आधी व्हावी लागते, आणि बऱ्याचदा ती बाहेरच्या माणसाला करावी लागते. बाहेरच्यांना काय कळते, हा आक्षेप येथे उलटा होतो. बाहेरच्याने अजून काही गमावलेले नसते, म्हणूनच त्याला दिसते.

न्यायालयाने दोषी ठरविलेल्या बाबांची प्रकरणे या दृष्टीने सोपी आहेत. आसाराम यांना एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप ठोठावली. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये गुरमीत राम रहीम यांना पंचकुला येथे बलात्काराबद्दल दोषी ठरविण्यात आले. तेथे उपदेश आणि आचरण यांतील सूक्ष्म अंतर मोजत बसण्याची गरज नाही. फौजदारी कायदा पुरेसा आहे. एवढे मात्र लक्षात राहते की पंचकुल्याच्या निकालानंतर उसळलेल्या दंगलीत तीसहून अधिक माणसे मेली. गुन्हा गुरूचा शाबीत झाला आणि प्राण गेले ते रस्त्यावर आलेल्या माणसांचे.

अवघड आहेत ती उदाहरणे जेथे गुरू ठक नव्हता. जे. कृष्णमूर्ती यांचे उदाहरण त्यांतले अव्वल. थिऑसॉफिस्टांनी १९०९ मध्ये अड्यारला या मुलाला हेरले आणि भावी जगद्गुरू म्हणून वाढविले. त्यांच्यासाठी १९११ मध्ये एक संघ स्थापन झाला, देशोदेशी त्याचे सभासद झाले, देणग्या आल्या, हॉलंडमध्ये एक किल्लेवजा वाडा आणि भोवतालची जमीन मिळाली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी ओमेन येथे सुमारे तीन हजार सभासदांसमोर त्यांनी हा संघ विसर्जित केला. सत्याला संघटना नसते असे सांगून ते थांबले नाहीत. वाडा मूळ मालकाला परत गेला. जगद्गुरूपद नाकारणारे भाषण पुष्कळांना करता येईल. मिळालेली मालमत्ता परत करणारे थोडे. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गाठीची किंमत मोजली, आणि ती भारी होती.

१९९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, राधा राजगोपाल स्लॉस यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. राधाबाईंचे वडील राजगोपाल हे कृष्णमूर्तींच्या प्रकाशनांचा आणि पैशाचा कारभार अनेक वर्षे पाहत. कॅलिफोर्नियात ओहाय येथे त्यांचे घर हेच कृष्णमूर्तींचे घर होते. राजगोपालांच्या पत्नी रोझालिंड आणि कृष्णमूर्ती यांचे प्रेमसंबंध वीसहून अधिक वर्षे होते, असे मुलीने लिहिले. चरित्रकार मेरी लटेन्स यांनी १९९६ मध्ये उत्तरादाखल पुस्तक लिहून बऱ्याच गोष्टी खोडून काढल्या. संबंध झालेच नाहीत असे मात्र त्यांनी म्हटले नाही. दरम्यान १९६८ मध्ये कृष्णमूर्ती आणि राजगोपाल यांच्यात उघड फारकत होऊन मालमत्तेवरून कोर्टकचेरी झाली आणि १९७४ मध्ये तडजोड झाली.

कृष्णमूर्तींच्या चाहत्यांना या पुस्तकाचा जबर धक्का बसला. त्यातला काही धक्का अनाठायी होता. त्यांनी ब्रह्मचर्याचा उपदेश केलेला नव्हता. उलट संयमाच्या सक्तीने मन कुरूप होते असेच त्यांचे मत. ऋषिव्हॅलीला वा राजघाटला त्यांना ऐकणाऱ्यांनी आपल्या मनातील संन्याशाची प्रतिमा त्यांना परस्पर चिकटवली, तर तो दोष केवळ त्यांचा म्हणता येणार नाही. शिवाय मला प्रमाण मानू नका, हे ते सतत सांगत. तेव्हा स्वतःला पुरावा म्हणून त्यांनी सर्वांत कमी वापरले, हेही कबूल केले पाहिजे. पण एवढे म्हणून त्यांना सोडून देता येत नाही. मनाशी आणि दुसऱ्याशी पूर्ण प्रामाणिक असण्याखेरीज त्यांच्या शिकवणीत दुसरे काय होते? ज्या मित्राने संसार आणि कारभार सांभाळला, त्याच्यापासून ही गोष्ट वर्षानुवर्षे झाकून ठेवणे त्या शिकवणीत कोठे बसते? १९२९ ची किंमत कृष्णमूर्तींनी मोजली. नंतरच्या मौनाची किंमत राजगोपाल कुटुंबाने, आणि बहुधा सर्वांत जास्त त्या घरात वाढलेल्या मुलीने. एकाच माणसाच्या खात्यावर या दोन्ही नोंदी आहेत. एक दुसरीला पुसून टाकीत नाही, आणि कृष्णमूर्तींच्या बाजूने वा विरुद्ध लिहिणाऱ्या बहुतेकांना नेमके हेच सहन होत नाही.

गांधीजींना अध्यात्माचे गुरू म्हणावे की नाही यावर वाद होईल. परंतु त्यांनी स्वतःच्या जीवनालाच आपला संदेश मानले, त्यामुळे हे माप त्यांना चुकत नाही. नोआखालीच्या दौऱ्यात, १९४६-४७ मध्ये, आपल्या ब्रह्मचर्याची कसोटी म्हणून नात्याने नात असलेल्या मनूबरोबर एका शय्येवर झोपण्याचा जो प्रयोग त्यांनी केला, तो आजही वाचकाला अस्वस्थ करतो. येथे लपवालपवी नव्हती. त्यांनी सहकाऱ्यांना पत्रे लिहिली, प्रार्थनासभेतही त्याचा उल्लेख केला. किशोरलाल मश्रूवालांसारख्या निकटवर्तीयांनी स्पष्ट विरोध केला. त्यांचे तेव्हाचे सचिव आणि दुभाषे, कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापक निर्मलकुमार बोस, मार्च १९४७ मध्ये त्यांना सोडून गेले आणि १९५३ मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. बोस यांचा मुद्दा गांधीजींच्या शुद्धतेविषयी नव्हताच. प्रयोगाचा परिणाम दुसऱ्या व्यक्तीच्या मनावर काय होतो, हे ते विचारीत होते. म्हणजे किंमत कोण मोजतो, हाच प्रश्न. आणि तो विचारणारा माणूस गांधीजींचा आदर करणारा होता. ज्या गुरूभोवती असा प्रश्न तोंडावर विचारता येतो आणि विचारणारा सुखरूप घरी जातो, त्याला निदान त्या एका गोष्टीसाठी वेगळे गुण द्यावे लागतात. मनूच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या गुणांनी मिटत नाही.

मराठी वाचकाच्या ओठांवर आतापर्यंत गाडगेबाबांचे नाव आलेच असेल, आणि ते रास्तही आहे. शेंडगावच्या परिटाच्या घरी १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने हातात खराटा घेतला, दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनात लोकांची मने. कोणाला पाया पडू दिले नाही, शिष्य केले नाहीत. लोकांकडून आलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगावरच्या चिंध्या मात्र बदलल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पैसा त्यांच्या हातून गेला, हाताला चिकटला नाही. सांगणे आणि वागणे यांत सुईचे टोक शिरेल एवढीही फट शोधून सापडत नाही.

पण माप एकदा हाती घेतले की ते आपल्या आवडत्या माणसापाशी खाली ठेवता येत नाही. १९०५ साली देबूजी घर सोडून निघाले, तेव्हा मागे वृद्ध आई, पत्नी कुंताबाई आणि लहान मुले होती. महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले त्याचा पहिला हप्ता या घराने भरला, आणि तो भरायला त्यांना कोणी विचारले नव्हते. चरित्रांतून कुंताबाईंना दोन-चार ओळी मिळतात. बाबांचे थोरपण यामुळे उणे होते असे नव्हे. परंतु तुकोबांच्या कर्जरोख्यांशेजारी ही नोंद ठेवून पाहिली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की एवढा हिशेब मागितला तर श्रद्धा उरेल कोठे? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कोरेगाव पार्ककडे पुन्हा एकदा पाहावे. रजनीशांचे पुण्यात १९ जानेवारी १९९० रोजी निधन झाले. त्यांच्या आश्रमाच्या जमिनीचा एक भाग विकण्याची परवानगी विश्वस्तांनी धर्मादाय कार्यालयाकडे मागितली, आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये नाकारली गेली. ही विक्री होऊ नये, विश्वस्तांच्या कारभाराची तपासणी व्हावी, म्हणून अर्ज घेऊन उभे राहिलेले लोक रजनीशांचे टीकाकार नव्हते. गळ्यात त्यांची माळ घालणारे, आजही त्यांना गुरू मानणारे त्यांचे शिष्यच होते ते.